काबूलला जायचं की भोगलला?

ताई, सप्रेम नमस्कार.

बार्शीहून आलेलं तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमची लेक पुण्यात पाच वर्षांच्या लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. हॉस्टेलला शेजारच्या खोलीत काबूलची एक मुलगी राहते. ती रोज रात्री जेवण झालं की मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून घरी राहिलेल्या धाकट्या बहिणीला बीजगणित शिकवते, कारण तिकडे सहावीपुढे मुलींना शाळा नाही. तुमची लेक शेजारी बसून ऐकायला लागली, आणि दिवाळीला घरी आली ती 'मला अफगाण स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करायचंय' असं ठरवूनच आली. तिच्या वडिलांना तिने जेएमएफसी (न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीची परीक्षा) द्यावी, न्यायाधीश व्हावं असं वाटतं. आजोबा म्हणतात, 'पानिपतावर गेलेले अजून परत आले नाहीत, आता ही कुठे निघाली?' तुम्ही तीन प्रश्न विचारलेत: याला करिअर म्हणायचं का, यात पोट भरतं का आणि काबूलला जावं लागेल का. चौथा प्रश्न तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलाय, 'आपण हिंदू, त्या मुसलमान. आपलं कोण ऐकणार?' मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी काबूल. नाही, जावं लागणार नाही, आणि नवख्या मुलीला तिथे कुणी नेणारही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं मुलींना बंद झाली, आणि त्याच आठवड्यात स्वयंसेवी संस्थांमध्ये स्त्रियांनी काम करायचं नाही असा हुकूम निघाला. एप्रिल २०२३ पासून तोच हुकूम संयुक्त राष्ट्रांच्या अफगाण कर्मचारी स्त्रियांनाही लागू झाला. जिथे त्यांच्याच मुलींना कामावर जाता येत नाही तिथे बार्शीची नवीकोरी वकील जाऊन काय करणार? आजोबांना सांगा, पुढची पाच-सात वर्षं तरी पानिपत नाही.

आता करिअरचं. इथे मला माझीच एक चूक सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी अशाच तळमळीची एक मुलगी माझ्याकडे आली होती. मी तिला सरळ 'जेंडर स्टडीज'ला परदेशी जा म्हणून सांगितलं. ती गेली, चांगल्या मार्कांनी पास होऊन आली, आणि नंतर तीन वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या कामाचे अहवाल लिहीत बसली. हुशारीत काही कमी नव्हतं, पण हातात धंदा नव्हता. त्यानंतर मी कुणालाही नुसत्या विषयाच्या मागे जायला सांगत नाही.

हे मला अफगाणिस्तानकडे बघूनच जास्त पटलं. तिथली वीस वर्षं बघा. २००४ च्या संविधानाने स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले. कनिष्ठ सभागृहाच्या २४९ जागांपैकी ६८ स्त्रियांसाठी राखल्या, चौतीस प्रांतांच्या हिशेबाने प्रत्येकी दोन. २००५ मध्ये हबीबा सराबी बामियानच्या गव्हर्नर झाल्या, त्या देशातल्या पहिल्या स्त्री गव्हर्नर. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध २००९ मध्ये कायदा आला, पण तो अध्यक्षांच्या फर्मानाने. २०१३ मध्ये संसदेत मांडला तेव्हा गदारोळ झाला, मंजुरी काही मिळाली नाही, कायदा फर्मान म्हणूनच लटकत राहिला. स्त्रियांसाठी स्वतंत्र मंत्रालयही होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच इमारतीवरची पाटी उतरवून तिथे नीती-अनीती बघणाऱ्या मंत्रालयाची पाटी लावली गेली. बाहेर उभ्या असलेल्या कर्मचारी बायकांना आत सोडलं नाही.

आणि त्याच काळातली दुसरी गोष्ट. २००२ च्या सुमारास बदख्शान प्रांतातल्या राघ नावाच्या डोंगरी जिल्ह्यात पाहणी झाली, तेव्हा एक लाख जन्मांमागे सहा हजारांहून जास्त बाळंतिणींचा मृत्यू असं प्रमाण निघालं. जगात नोंदवलेल्या सगळ्यांत वाईट आकड्यांपैकी हा एक. मग गावोगावच्या मुलींना सुईणीचं रीतसर शिक्षण द्यायचं ठरलं. मुलगी निवडायची ती गावाच्या संमतीने, घरच्यांना विश्वासात घेऊन. सुरुवातीला अभ्यासक्रम दीड वर्षाचा होता, आणि लेकरं असलेल्या बायकांसाठी हॉस्टेलमध्येच मुलं सांभाळायची सोय. शिकून परत गावातच काम करायचं. कुणी 'हक्क' हा शब्दही न उच्चारता या बायका घराबाहेर पडल्या, पगार मिळवू लागल्या, गावच्या बैठकीत त्यांना विचारलं जाऊ लागलं. २०२२ चा बंदीहुकूम आला तेव्हाही आरोग्याच्या कामातल्या स्त्रियांना सवलत द्यावीच लागली. त्यांच्यावाचून अडत होतं. (डिसेंबर २०२४ मध्ये सुईण आणि नर्सिंगचं शिक्षणही मुलींना बंद केलं. म्हणजे आज काम करणाऱ्या म्हाताऱ्या झाल्या की पुढे कोण, हा प्रश्न आहेच.)

मंत्रालय गेलं आणि सुईण राहिली, एवढं तुमच्या लेकीने डोक्यात ठेवावं. तिने काही सुईण व्हायचं नाही. तिच्या हातातला धंदा वकिली आहे, आणि तो उत्तम आहे. फक्त तो अर्धवट सोडून 'सामाजिक काम' नावाच्या धुक्यात शिरू नये.

वडिलांची आणि तिची जी ओढाताण चाललीय, ती बरीचशी आपोआपच सुटलीय. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणजे पदवी हातात पडल्या पडल्या जेएमएफसीला बसायचं हा बेत तसाही जमण्यासारखा नाही. जाहिरात निघेल तेव्हा अटी बघाच, पण तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या हे धरून चला. त्या तीन वर्षांत कुठल्या पायऱ्या चढायच्या ते तिला ठरवू द्या.

माझ्या मते तिने दोन कामं धरावीत. पहिलं, कौटुंबिक न्यायालय, आणि त्यात मुस्लिम व्यक्तिगत कायदा. हा पेपर बहुतेक मुलं आदल्या रात्री गाइड वाचून काढतात. तिने तो मुळापासून करावा. १९३९ च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीला न्यायालयातून फारकत मागायची कारणं दिली, ती का आणि कुणाच्या खटपटीने? १९८५ चा शाहबानो (पोटगीचा) आणि २०१७ चा शायराबानो (तिहेरी तलाकचा) हे निकाल मूळ वाचावेत. आपल्याकडे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १९६६ मध्ये सात मुस्लिम बायकांना घेऊन तलाकच्या प्रश्नावर मुंबईत मोर्चा काढतात, तो सगळा वाद मराठीत झालाय. तिला तो मूळ भाषेतून वाचता येईल, ही परदेशातल्या विद्यार्थ्यांना नसलेली सोय आहे.

हे इतकं का सांगतोय? अफगाण स्त्रियांची निम्मी लढाई धर्माशी नाही, रिवाजाशी आहे, आणि ती धर्माच्याच आधाराने लढली जाते. मेहेर हा निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचा, तो तिचा. पण पश्तून भागात 'वलवर' म्हणून जी रक्कम ठरते ती मुलीचा बाप घेतो. आपल्याकडे काही जातींत देज घेत असत तसंच. तिथल्या बायकांची बाजू मांडणारे लोक मौलवीसमोर बसून म्हणतात, 'शरियतमध्ये हा पैसा तिचा आहे, तुम्ही कुठल्या आधाराने घेता?' बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा, विधवेचा वाटा, लग्नाला तिची संमती, सगळीकडे हाच युक्तिवाद. तालिबानने स्वतः डिसेंबर २०२१ मध्ये काढलेल्या फर्मानात स्त्री ही मालमत्ता नाही, तिच्या संमतीशिवाय लग्न नाही, विधवेला वारसा आहे, असं लिहिलंय. शाळा बंद ठेवणाऱ्यांच्याच सहीचा हा कागद! ज्याला कलम आणि परंपरा दोन्ही वाचता येतात त्याला अशा कागदाचा उपयोग करता येतो. नुसतं 'अन्याय आहे' म्हणणाऱ्याला येत नाही.

दुसरं काम, इथे भारतात राहणारे अफगाण लोक. दिल्लीत भोगल, लाजपतनगर भागात जाऊन या एकदा, गल्लीत तंदूरचे लांबट नान टांगलेले दिसतील. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, आणि २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत अफगाणिस्तानातले मुसलमान येत नाहीत. मग नवऱ्याविना तीन मुलं घेऊन आलेली बाई संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाच्या ओळखपत्रावर राहते. मुलाला शाळेत घ्यायला आधार कार्ड मागतात, खोलीमालक भाडेकरार करत नाही, मुदतवाढीचा अर्ज इंग्रजीत लागतो. हे सगळं वकिलाचं काम आहे, रोजचं, कंटाळवाणं आणि गरजेचं. पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण मुलांचंही असंच. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने आधी दिलेले व्हिसा एका फटक्यात रद्द केले, तेव्हा सुट्टीला घरी गेलेले कितीतरी विद्यार्थी तिकडेच अडकले. म्हणून म्हणतो, काबूल राहू द्या, भोगल गाठा. सुट्टीतली इंटर्नशिप तिने दिल्लीत निर्वासितांसाठी कायदेशीर मदत देणाऱ्या एखाद्या संस्थेत करावी, एक महिना तरी.

भाषा. याबद्दल मी हट्टी आहे. दरी म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, ती शिकल्याशिवाय या क्षेत्रात पाऊल टाकू नये. आणि मराठी मुलीला ती वाटते तितकी परकी नाही. शिवरायांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तरी आपल्या कचेरीतून फारसी काही गेली नाही. हक्क, वकील, वारस, अर्ज, जबाब, मुदत हे सगळे शब्द तिला तिकडे भेटतील. हक्कचं अनेकवचन 'हुकूक', आणि स्त्री म्हणजे 'जन', जिच्यावरून आपला जनाना. काही शब्द फसवतातही. तिकडे खासदारालाही वकील म्हणतात. आपली फिर्याद पोलीस ठाण्यात नोंदवली जाते, त्यांची 'फरियाद' म्हणजे नुसता आक्रोश. ऑगस्ट २०२२ मध्ये काबूलच्या रस्त्यावर बायका 'नान, कार, आजादी' म्हणत चालल्या होत्या आणि त्यांना पांगवायला हवेत गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ती घोषणा समजायला मला दुभाषा लागला नाही. मुंबई विद्यापीठात फारसीचा विभाग आहे, दिल्लीत जेएनयू आणि जामियात आहे. पण उत्तम शिक्षिका तर शेजारच्या खोलीतच आहे. तिला शिकवणीचे पैसे द्या, फुकट शिकू नका. घरून पैसे येणं अवघड झालेल्या मुलीला तेवढाच हातभार.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पहिली तीन वर्षं खोलीभाडं आणि मेस निघाली तरी पुष्कळ, घरी पाठवायला उरणार नाही. संस्थांच्या नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात, आणि प्रकल्प देणगीदाराच्या मर्जीवर. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा जगभर या क्षेत्रातल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. सनद खिशात असलेला माणूस अशा वेळी कोर्टात परत जाऊ शकतो. पुढे एलएल.एम., दिल्लीचं साउथ एशियन विद्यापीठ, ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती, संयुक्त राष्ट्रांचं स्वयंसेवक पद, हे सगळं आहे. चेव्हनिंगला तर दोन वर्षांचा कामाचा अनुभवच लागतो. त्याचा विचार आत्ता नको.

आता तुमचं बारीक अक्षर. आपलं कोण ऐकणार? ताई, खरं उत्तर असं की आपलं ऐकावं अशी गरजच नाही. त्या बायका बोलतात. सीमा समर डॉक्टर, त्यांनी देशाचा मानवी हक्क आयोग वर्षानुवर्षं चालवला. २०२० मध्ये दोह्यात वाटाघाटींना तालिबानसमोर बसलेल्या तेव्हाच्या अफगाण सरकारच्या बाजूच्या चमूत सराबी, फौजिया कूफी, फातिमा गैलानी आणि शरीफा जुरमती या चौघी होत्या. विद्यापीठं बंद झाली तेव्हा कैरोच्या अल-अजहर या इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुख इमामांनीच हे शरियतविरुद्ध आहे असं जाहीर सांगितलं. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या प्रमुखासह दोघांवर अटक वॉरंट काढली, त्यामागे अफगाण साक्षीदारांच्या साक्षीही आहेत. अशा कामात तुमच्या लेकीची जागा मागच्या बाकावर आहे. तारखा लावणं, जबाब भाषांतरित करणं, अर्ज चुकणार नाही हे बघणं. 'मी त्यांना सोडवायला आले' असं वाटणारी मुलगी तिथे टिकत नाही, आणि टिकली तर त्रासच देते. तुमची लेक दोन महिने नुसती शेजारी बसून ऐकत होती असं तुम्ही लिहिलंय. मला ते आवडलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले आणि पहिल्या पत्रकार परिषदेत एकाही महिला पत्रकाराला घेतलं नाही. ओरड झाली, दोन दिवसांनी दुसरी परिषद घ्यावी लागली, आणि तिथे बायका पहिल्या रांगेत बसल्या होत्या. लेक हे तुम्हाला तावातावाने सांगत होती, आणि तुम्ही भाकरी थापता थापता 'बरं झालं' म्हणालात, असंही पत्रात आहे. मग तुमचा विरोध मला फारसा खरा वाटत नाही.

मे महिन्यात दोघी या, पुण्यातच भेटू. येताना तिच्या सगळ्या सेमिस्टरचे मार्क आणा. पत्रात तुम्ही एकूणएक पेपरांचे लिहिलेत, फॅमिली लॉचे तेवढे दिसले नाहीत.