गणपतराव देशमुख सांगोल्यातून सलग ११ वेळा आमदार झाले, हे खरं आहे का?

११ वेळा हे खरं, सलग नाही. निवडणूक आयोगाचे वर्षवार निकाल ओळीने लावले की हिशेब लगेच जुळतो:

- विजय: १९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४
- पराभव: १९७२ आणि १९९५

१९९५ चा पराभव तर अवघ्या १९२ मतांचा, काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून. आकडे एवढ्यासाठी दिले की '११' मध्ये एक पोटनिवडणूक आहे. फक्त सार्वत्रिक निवडणुका मोजल्या तर १० होतात, आणि बऱ्याच जणांचा गोंधळ तिथेच होतो. एकच मतदारसंघ आणि एकच पक्ष, शेतकरी कामगार पक्ष. राज्यात शेकाप आक्रसत गेला तरी त्यांनी तो सोडला नाही, आणि माझ्या मते ११ या आकड्यापेक्षा हीच गोष्ट मोठी आहे. मंत्रीही दोनदा झाले, १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं.

एक दुरुस्ती मात्र हवी: हा विक्रम महाराष्ट्रापुरता म्हणा. 'देशातला विक्रम' असं सर्रास लिहिलं जातं, पण केरळात के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले होते.