मूर्ती, लाइट, आवाज आणि शब्द एकत्र आणून ग्रुपने इन्स्टॉलेशन करायचंय, सुरुवात कशापासून करू?

इन्स्टॉलेशन हा शब्द मी फार उशिरा ऐकला, पण पुण्यात मंडळाच्या हलत्या देखाव्यावर नऊ वर्षं राबलोय आणि तुम्ही जे विचारताय ते अगदी तेच आहे.

निवेदनापासून करा. बहुतेक ग्रुप आधी मूर्तीच्या मागे लागतात कारण मजा त्यात येते. आमचंही तेच झालं, पहिल्या वर्षी अफझलखान वध घेतला, 1659, प्रतापगडाचा पायथा वगैरे, खान चांगला नऊ फुटी, राजांचा हात हलवायला भंगारातून आणलेली वायपर मोटार, आणि निवेदन मी लिहिलेलं साडेसहा मिनिटांचं, फुल जोशात. पहिल्याच शोला टेपवर "राजे सावध होते" येईपर्यंत खान आडवा! पोरं ओरडायला लागली, काका परत पाडा ना.

मोटार काय शब्दासाठी थांबत नाही. म्हणून आधी रेकॉर्डिंग पक्कं करायचं, मग मोबाइलवर टायमर लावून कोणत्या सेकंदाला कोणता शब्द येतो ते कागदावर उतरवायचं आणि त्याची झेरॉक्स मूर्तिवाल्याला पण द्यायची, इलेक्ट्रिशियनला पण.

आता लाइट, माझ्या मते खरा खेळ इथेच आहे. मोटारीला क्रँक, म्हणजे गोल फिरण्याचं पुढे-मागे करणारा दांडा, लावला की हात जसा पुढे जातो तसाच मागे पण येतो. वाघनखं खुपसलेला हात आरामात परत येताना दिसला की संपलं सगळं. आमच्या इलेक्ट्रिशियनने दुसऱ्या वर्षी काय केलं, वार होताना लाल जिलेटिनचा हॅलोजन आणि हात मागे येताना दोन सेकंद मिट्ट काळोख, त्यात फक्त किंकाळी. लोक बाहेर येऊन सांगायचे खान काय कोसळला राव, आणि त्या वर्षी खानाची मोटार आम्ही काढूनच टाकली होती, तो जागचा हललाच नव्हता 😄

मूर्ती जमलं तर फायबरची करा, पीओपी जड पडतं आणि मोटारीवर लोड येतो. पुण्यातल्या तुळशीबागेच्या गणपतीची मूर्ती शिल्पकार खटावकरांनी 1975 मधेच फायबरची केली होती, म्हणजे हे काही नवीन नाही. खांद्याचा जॉइंट खऱ्या कापडाच्या बाहीखाली लपतो, त्यावर जास्त डोकं लावू नका.

भांडणं होणारच. मूर्तिवाल्याला प्रत्येक चेहऱ्यावर उजेड हवा असतो, लाइटवाल्याला अंधार. आमच्यात ठरलं होतं, जो स्विचबोर्डवर बसेल त्याचं फायनल.

निवेदन लिहून झालं की हवं तर मला पाठवा, कुठे कापायचं ते सांगतो. कापावं लागेलच, माझं साडेसहा मिनिटांचं शेवटी पावणेचारवर आलं आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली चार वाक्यं गेली.