एल्फिन्स्टन हे आडनाव मूळचे कुठले? कुळाचे की गावाचे?

आपण विचारले आहे की एल्फिन्स्टन हे आडनाव स्कॉटलंडमधील एखाद्या कुळाचे आहे की गावाचे, त्याचा इतिहास काय, आणि मुंबईत ज्या ज्या ठिकाणांना हे नाव दिले गेले ती सारी एकाच माणसाच्या नावाची होती का. मराठ्यांच्या उत्तरकाळाविषयी वाचताना या घराण्यातील माणसे वारंवार समोर येत राहिली आणि त्यातूनच मी त्यांच्या पूर्वजांकडे वळलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे आडनाव गावाचे आहे. एडिंबरोच्या पूर्वेस, ईस्ट लोदियन परगण्यात, ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन नावाचे छोटे गाव आजही आहे. नावातील शेवटचा ‘टन’ म्हणजे जुन्या इंग्रजीतील वाडी किंवा वस्ती, आणि आधीचा भाग त्या वस्तीच्या कुणा जुन्या मालकाचे नाव असावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेराव्या शतकातील सनदांमध्ये ‘एल्फिन्स्टनचा अमुक’ अशा रीतीने माणसांचे उल्लेख येऊ लागतात आणि पुढे तेच आडनाव म्हणून रूढ होते. घराण्याचा मूळ पुरुष हेल्फेनस्टाइन नावाचा जर्मन सरदार असून तो रॉबर्ट ब्रूसच्या काळात स्कॉटलंडमध्ये येऊन स्थायिक झाला, अशी एक दंतकथाही जुन्या वंशावळींमध्ये आढळते. परंतु ब्रूस गादीवर आला 1306 मध्ये आणि हे नाव त्याच्या आधीपासून कागदोपत्री आहे, त्यामुळे ही कथा टिकत नाही. मोठेपणा आला की परदेशी पूर्वज शोधून काढण्याची हौस सगळ्याच देशांतील घराण्यांना असते.

डोंगराळ उत्तर भागातील ‘मॅक’वाल्या कुळांशी या घराण्याची गल्लत करू नये. एल्फिन्स्टन हे सखल प्रदेशातील जमीनदार घराणे. त्यांचे वजन कुळाच्या मनुष्यबळापेक्षा सनदा, विवाहसंबंध आणि दरबारातील पदे यांवर उभे होते.

या आडनावाच्या इतिहासातील मला सर्वांत रंजक वाटणारी गोष्ट अशी की, ज्या गावावरून ते पडले ते गावच घराण्याच्या हातून लवकर गेले. 1435 मध्ये पायपरडीनच्या लढाईत अलेक्झांडर एल्फिन्स्टन मारला गेला. त्याला वारस म्हणून अॅग्नेस ही मुलगी होती आणि तिचा विवाह गिल्बर्ट जॉन्स्टन याच्याशी झाला. जवळचा पुरुष नातेवाईक असलेल्या हेन्रीशी त्यांचा वारशाचा वाद दीर्घकाळ चालला. अखेर ईस्ट लोदियनमधील मूळ गाव आणि तेथील बुरूजवजा गढी जॉन्स्टनांकडे राहिली, तर हेन्रीच्या वाट्याला स्टर्लिंगशायरमधील जमीन आली. आपल्याकडे ‘कर’ लावणारी कित्येक घराणी मूळ गाव सोडून पिढ्यान् पिढ्या लोटल्या तरी त्याचे नाव लावतात, तसेच हे झाले. फरक इतकाच की या मंडळींनी नव्या जागेलाही जुने नाव दिले. एअर्थजवळच्या त्यांच्या वतनाला एल्फिन्स्टन म्हटले जाऊ लागले आणि तेथेही एल्फिन्स्टन टॉवर उभा राहिला. तीही जमीन 1754 मध्ये डनमोरच्या अर्लला विकली गेली, तिचे नाव डनमोर पार्क झाले, आणि प्रचंड दगडी अननसाच्या आकाराची जी इमारत पाहायला लोक आज तेथे जातात ती डनमोरांची आहे, एल्फिन्स्टनांची नव्हे. मूळ गावची गढी मात्र खाली कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचू लागल्याने 1955 मध्ये बहुतांशी पाडावी लागली.

नावाला पहिली मोठी कीर्ती मिळवून दिली ती मात्र एका धर्मगुरूने. अॅबर्डीनचा बिशप विल्यम एल्फिन्स्टन हा ग्लासगोतील एका धर्मगुरूचा, म्हणजेच रूढ अर्थाने अनौरस मुलगा होता. तरीही तो राज्याचा चॅन्सेलर झाला आणि 1495 मध्ये पोपची सनद मिळवून त्याने अॅबर्डीन विद्यापीठाची स्थापना केली. स्कॉटलंडमधील पहिल्या छापखान्याला 1507 मध्ये राजाने जो परवाना दिला त्यामागेही याच बिशपच्या प्रार्थनाग्रंथाची निकड होती. माझ्या मते या आडनावाच्या सगळ्या माणसांमध्ये सर्वांत टिकाऊ काम याचेच आहे.

लॉर्ड एल्फिन्स्टन ही सरदारकी 1510 ची. पहिला लॉर्ड 1513 मध्ये फ्लॉडनच्या रणात राजा चौथ्या जेम्सबरोबर पडला आणि दुसरा 1547 मध्ये पिंकीच्या लढाईत मारला गेला. हे रणांगण घराण्याच्या मूळ गावापासून अवघ्या काही मैलांवर आहे. त्यानंतरची दोन शतके थोरल्या शाखेने सावधपणे काढली. धाकट्या, म्हणजे बाल्मेरिनो शाखेला मात्र राजकारणाने सुखाने जगू दिले नाही. तिच्या पहिल्या लॉर्डला, जेम्स एल्फिन्स्टनला, राजाच्या सहीने पोपला पत्र पाठवल्याच्या प्रकरणात 1609 मध्ये मृत्युदंड सुनावला गेला, पण तो अमलात आला नाही. त्याच्या मुलाने राजाच्या धर्मविषयक धोरणाविरुद्धचा अर्ज स्वतःजवळ बाळगला म्हणून 1635 मध्ये पंधरा पंचांपैकी आठ विरुद्ध सात अशा निसटत्या मतांनी त्यालाही दोषी ठरवले. राजाने पुढे त्याला माफी दिली. सहावा लॉर्ड आर्थर याला माफी मिळाली नाही. गादी गमावलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने तो 1745 च्या उठावात उतरला, सरदारकी त्याच्याकडे आली 1746 च्या जानेवारीत, एप्रिलमध्ये कलोडनला पराभव झाला, आणि 18 ऑगस्टला लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. वधस्तंभाकडे तो शोकवस्त्रे न घालता उठावात वापरलेला, लाल अस्तरपट्ट्यांचा निळा लष्करी गणवेश घालूनच गेला. ती सरदारकी त्याच्याबरोबरच संपली.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनी कमी आणि मुलगे फार अशी थोरल्या शाखेची स्थिती होती, त्यामुळे धाकट्या मुलांनी आरमार आणि ईस्ट इंडिया कंपनी यांची वाट धरली. अकराव्या लॉर्डचा एक भाऊ आरमारात अॅडमिरल कीथ म्हणून नावारूपाला आला. दुसरा, विल्यम, कंपनीचा संचालक आणि काही काळ अध्यक्ष होता. घरात असा काका असल्यावर पुतण्याला कंपनीची नोकरी मिळणे अवघड नव्हते. हा पुतण्या म्हणजे 1796 मध्ये कलकत्त्यात उतरलेला माउंटस्टुअर्ट. पुढे पुण्याचा रेसिडेंट, 1817 च्या खडकीच्या लढाईच्या वेळचा इंग्रजांचा प्रमुख मुत्सद्दी आणि 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर, ही त्याची कारकीर्द मराठी वाचकाला ठाऊक आहेच. त्याच संचालक काकाचा मुलगा जनरल विल्यम एल्फिन्स्टन. 1842 च्या जानेवारीत काबूलहून माघार घेताना ज्याच्या फौजेची वाताहत झाली तो हाच; त्याच वर्षी तो अफगाणांच्या कैदेत वारला.

मुंबईतील नावे मात्र दोन वेगळ्या माणसांची आहेत. एल्फिन्स्टन कॉलेज हे माउंटस्टुअर्टच्या नावाचे. तो गव्हर्नरपदावरून जाताना येथील लोकांनी शिक्षणासाठी जो निधी जमवला त्यातून त्या संस्थेची सुरुवात झाली. एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, आणि एल्फिन्स्टन रोड स्थानक ही नावे त्याचा पुतण्या, तेरावा लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, याची. तो 1853 ते 1860 या काळात, म्हणजे सत्तावन्नच्या उठावाच्या वेळी, मुंबईचा गव्हर्नर होता आणि त्याआधी मद्रासचाही होता. काका आणि पुतण्या दोघांनीही एकच पद भूषवल्यामुळे वृत्तपत्रांतसुद्धा त्यांची सरमिसळ होते. 2018 मध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले तेव्हाही ती झालेली दिसली. दोघेही अविवाहित राहिले, त्यामुळे मुंबईशी ज्यांचा संबंध आला त्या दोघा गव्हर्नरांपैकी कोणाचाही थेट वंश पुढे चाललेला नाही. सरदारकी चुलत शाखेकडे गेली आणि ती आजही चालू आहे.

एक खुलासा जोडतो. स्कॉटलंडमध्ये गावावरून आडनाव घेणाऱ्यांत जमीनदाराप्रमाणे तेथून बाहेर पडलेले कुणबी, कारागीर आणि चाकर हेही असत. म्हणून एखाद्याचे आडनाव एल्फिन्स्टन आहे एवढ्यावरून तो लॉर्डांच्या रक्ताचा आहे असे धरून चालता येत नाही. ते ठरवायचे तर स्कॉटलंडमध्ये 1855 पासून सक्तीने ठेवल्या गेलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि त्याआधीची चर्चची दप्तरे पिढी पिढी मागे जात पाहावी लागतात, आणि जुन्या दप्तरांत नावाचे स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून असते हे लक्षात ठेवावे लागते.