सासूबाईंची युद्धाची मालिका बंद करावी का?

सैन्यात कोणी असलेल्या घरातून सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांचा एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. टीव्हीवर युद्धाची आणि जवानांच्या कुटुंबांची मालिका सुरू असते, घरातले कोणी तरी तिचा एकही भाग चुकवत नाही, पाहताना रडते, रात्री झोपत नाही, आणि मग बाकीचे विचारतात की ही मालिका बंदच करून टाकावी का. महूची लष्करी छावणी इंदूरला लागून असल्यामुळे हा प्रश्न मी बरेचदा ऐकला आहे. त्याला हो किंवा नाही असे उत्तर देण्याऐवजी राजेंद्रनगरातल्या एका घराची हकीकत सांगते. घरच्यांच्या परवानगीने सांगत आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रथम आली ती सून, मृदुला. नवरा सैन्यात मेजर, त्या वेळी जम्मू भागात, मुलगा ओम सहा वर्षांचा, घरी सासूसासरे. ती म्हणाली, "मॅडम, आई रोज साडेआठला ती मालिका लावतात. नंतर तासभर कोणाशी बोलत नाहीत. रात्री दोन-तीनदा उठून यांचा फोन आला का बघतात. ओमही त्यांच्या मांडीवर बसून सगळं पाहतो. बाबांनी समजावलं, मी समजावलं, ऐकतच नाहीत."

मी तेव्हा घाई केली, हे आज स्पष्ट लिहायला हवे. सासूबाईंना, म्हणजे सुमतीकाकूंना, न भेटताच आठ दिवस ती मालिका न लावण्याचा सल्ला मी दिला. पाचव्या दिवशी मृदुलाचा फोन आला. मध्यरात्री पाणी प्यायला उठली, तर देवघराशेजारच्या खोलीत सुमतीकाकू पांघरूण डोक्यावर घेऊन, कानात इअरफोन घालून, मोबाइलवर राहिलेले भाग पाहत होत्या. जे त्या चारचौघांत पाहत होत्या, ते माझ्या सल्ल्यामुळे चोरून आणि एकटीने पाहू लागल्या होत्या.

त्यानंतर मी काकूंनाच बोलावले. वय एकसष्ट, नेसणे नेटके, पर्स शेवटपर्यंत मांडीवर घट्ट धरलेली. "तुम्हाला भीती वाटते का?" असे विचारले असते तर त्या "छे" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या, म्हणून मी त्यांना मालिकेची गोष्ट सांगायला सांगितली. त्या सांगू लागल्या आणि माझ्या लक्षात आले, की त्यात लढाई जवळजवळ नव्हतीच. गोळीबार सुरू झाला की त्या आवाज बंद करून टाकत. त्यांना तपशीलवार आठवत होती ती एका कॅप्टनची आई: दाराची घंटा वाजली तेव्हा तिचे हात कणकेचे होते, दार उघडायच्या आधी तिने ते धुतले की तसेच पदराला पुसले, बातमी ऐकल्यावर ती आधी कोणाकडे वळली.

"त्या बाईचं एवढं का पाहता, काकू?"

थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "आमच्यावर तशी वेळ आली तर मला उभं राहता आलं पाहिजे ना? मृदुला आहे, ओम आहे, यांचं बीपी आहे. मीच कोसळले तर कसं चालेल? मी शिकते आहे हो."

मग बाकीचेही बाहेर आले. बैठकीच्या दारामागे त्या एक इस्त्रीची साडी कायम टांगून ठेवत. महूकडे जाणाऱ्या रस्त्यावर लष्कराच्या गाड्या दिवसभर असतात; त्यांतली एखादी जवळपास थांबल्यासारखी वाटली, की त्या हातातले काम टाकून गॅलरीत जात आणि ती पुढे निघून गेली की परत ओट्याशी येत. गॅलरीत आई कपडे वाळत घालायला जाते, असेच घरात सगळे समजत होते.

प्रत्यक्ष न घडलेल्या दुःखाची आधीच तयारी करणे ही माणसाची स्वाभाविक धडपड आहे, तिला वेड म्हणणे चूक आहे. अमेरिकेत पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि माणूस डोळ्यांसमोर नाही, पण मनातून क्षणभरही हललेला नाही, अशा अवस्थेला संदिग्ध वियोगाचे नाव दिले. काकूंचा मुलगा सुखरूप होता, तेव्हा ते नाव त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाही. तरीही ज्याचा शेवट कळत नाही अशी वाट पाहणे माणसाला किती थकवते, हे त्या कामातून मला समजले. मालिकेत निदान अर्ध्या तासात काही तरी घडते. काकूंच्या घरात महिनोन् महिने काहीच घडत नव्हते, आणि कोणी काही बोलतही नव्हते.

हे न बोलणे मला मालिकेपेक्षा अधिक गंभीर वाटते. सासऱ्यांनी नियमच केला होता, की घरात अभद्र काही काढायचे नाही. हेच काका दिवसाचे चार-पाच तास वृत्तवाहिन्या पाहत. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर सुरू झाले आणि १० मे ला गोळीबार थांबला, त्या चार दिवसांत मुलाचा फोन लागत नव्हता आणि त्या घरातला टीव्ही रात्रंदिवस सुरू होता. खऱ्याखोट्या बातम्यांचा तो मारा कोणालाच खटकला नाही, खटकली ती अर्ध्या तासाची मालिका. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये २०१३ साली बॉम्बस्फोट झाले, त्यानंतरच्या एका अभ्यासात असे दिसले, की स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ त्याच्या बातम्या आणि चित्रे पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त होती. हे मी काकांना बोलावून समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि बातम्या सकाळी एकदा व संध्याकाळी एकदा पाहण्याचे मान्य केले. त्यांच्या वयाच्या माणसाला ते सोपे नव्हते, म्हणून त्यांचे मला कौतुक वाटते.

काकूंच्या मनात आणखी एक गाठ होती, ती चौथ्या भेटीत सुटली. १९९९ साली कारगिलच्या वेळी मुलगा आठ वर्षांचा होता. तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या टीव्हीवर दिसत तेव्हा त्याला शेजारी बसवून, "बघ, असं असावं माणसानं," असे त्याच म्हणाल्या होत्या. "मीच त्याला तिकडे पाठवलं," हे वाक्य सव्वीस वर्षांत त्यांनी नवऱ्यालाही ऐकवले नव्हते. मी त्यांची समजूत घातली नाही. हे मुलालाच सांगता येईल का, एवढेच विचारले. तो सुट्टीवर आला तेव्हा त्यांनी खरोखर सांगितले. त्याला तो प्रसंग आठवतही नव्हता. तो सैन्यात गेला होता तो कॉलेजात एनसीसीमध्ये असताना ठरवून.

त्याच सुट्टीत, माझ्या सांगण्यावरून, बातमी कशी येते हे त्याने आईला आणि बायकोला समोर बसवून सांगितले: काही झालेच तर युनिट आधी घरच्यांशी संपर्क साधते, आणि चौकीवर रेंज नसली की आठ-आठ दिवस फोन येत नाही, त्याचा अर्थ रेंज नाही एवढाच. युनिटमधल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीचा नंबर त्याने फ्रिजवर चिकटवला. रोज फोन करण्याचे वचन देऊ नकोस, असे मी त्याला बजावले होते, कारण पाळता न येणारे वचन मोडले की त्या दिवसाची रात्र घरच्यांना फार जड जाते.

मालिका आम्ही बंद केली नाही. मृदुलाने काकूंच्या शेजारी बसून ती पाहायची, संपल्यावर टीव्ही बंद करून दहा मिनिटे दोघींनी बोलायचे आणि झोपण्यापूर्वीच्या तासाभरात मोबाइल हातात घ्यायचा नाही, एवढे ठरले. पहिल्या रात्री दोघी नुसत्या रडल्या. मृदुला मला म्हणाली, "मला वाटायचं, मी घाबरले हे आईंना कळलं तर त्या खचतील." सासूला सुनेविषयी नेमके तेच वाटत होते.

ओमच्या बाबतीत मात्र मी तडजोड केली नाही. त्याची चित्रवही मृदुलाने आणली होती. एका पानावर पेटी, तिच्यावर केशरी, पांढरा आणि हिरवा रंग, आणि शेजारच्याच पानावर तोच माणूस हातात आइस्क्रीम घेऊन उभा. मालिकेत मेलेला नट त्याला एका जाहिरातीत पुन्हा दिसला होता. तो मला सहज म्हणाला, "मेले की दुसऱ्या टीव्हीत येतात. बाबा पण येतील." सहा वर्षांच्या मुलाला अभिनय आणि मृत्यू या दोन्ही गोष्टी अर्ध्याच कळलेल्या असतात, त्यामुळे अशा मालिका त्याला दाखवू नयेत, मग आजीच्या मांडीवर का बसलेला असेना. साडेआठला आजोबा त्याला घेऊन गच्चीवर जाऊ लागले. मृदुलाने त्याला साध्या शब्दांत सांगितले, की ते काका नाटक करत होते, ते मेलेच नव्हते. खरे माणूस मेले तर परत येत नाही. आणि बाबा जिवंत आहेत, काम करत आहेत. हे सांगताना तिचा आवाज कापला, तरी तिने वाक्य पुरे केले.

ज्यांची झोप दोन आठवड्यांहून अधिक काळ उडालेली आहे, जेवण तुटले आहे किंवा जगावेसे वाटत नाही असे जे बोलून दाखवतात, त्यांच्यासाठी एवढे पुरत नाही. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे, आणि रात्री-अपरात्री कोणी हाताशी नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलावे. काकूंना त्याची गरज पडली नाही. गाडी थांबल्याचा आवाज आला की त्या अजूनही गॅलरीत जातात, पण आता "बघून येते गं" असे मृदुलाला सांगून जातात. मालिका दिवाळीनंतर संपली. साडेआठची वेळ दोघींनी तशीच राखली आहे, आणि परवा त्या वेळी मेथी निवडता निवडता काकूंनी सुनेला सांगितले, की दारामागची साडी त्यांनी भिशीला जाताना नेसून टाकली.