एल्फिन्स्टन या आडनावाचा अर्थ काय? आणि मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन एकाच माणसाच्या नावाचं का?

‘परीचा दगड’ असा अर्थ तुम्ही कुठेतरी वाचलात म्हणता. इंग्रजी स्पेलिंग बघून तसं वाटणारच, शेवटी ‘स्टोन’ लिहिलेलंच असतं. पण या नावात दगड नाही.

हे गावावरून पडलेलं स्कॉटिश आडनाव. एडिंबराच्या पूर्वेला, ईस्ट लोथियनमध्ये ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं लहानसं गाव आजही आहे. एके काळी तिथे कोळशाच्या खाणी होत्या. तेराव्या शतकातल्या कागदपत्रांत तिथले जमीनदार ‘द एल्फिन्स्टन’, म्हणजे ‘एल्फिन्स्टनचे’, असे नोंदलेले सापडतात. आपल्या ‘कर’सारखाच प्रकार, फक्त त्यांचं ‘कर’ नावाआधी यायचं आणि पुढे गळून गेलं.

गावाच्या नावाची फोड एल्फिन-स-टून अशी. ‘टून’ म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपणाची वाडी, वस्ती. ‘टाउन’ त्यातूनच आला. मधला ‘स’ षष्ठीचा. म्हणजे एल्फिनची वाडी. हा एल्फिन बहुधा तिथला कुणी जुना मालक. त्याचं नाव ‘एल्फवाइन’ या जुन्या इंग्रजी नावावरून आलं असं मानलं, तर ‘एल्फ’, म्हणजे परीसारखा जीव, मागच्या दाराने आत शिरतो खरा (एल्फवाइन म्हणजे एल्फचा मित्र), पण काही जण ते स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेतल्या ‘अल्पिन’ या नावाशी जोडतात. ‘स्टोन’ हे नंतरच्या स्पेलिंगने चिकटवलेलं शेपूट. मराठीत आपण शेवटी ‘टन’ लिहितो, तेच मुळाच्या जास्त जवळ आहे.

पुढे या घराण्याने स्टर्लिंगशरमध्ये एअर्थजवळ जमिनी मिळवल्या आणि त्या जहागिरीलाही एल्फिन्स्टन हेच नाव दिलं. आधी गावाने माणसांना नाव दिलं, मग माणसांनी दुसऱ्या जागेला! ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ हा किताब 1510 च्या सुमाराचा. पहिले लॉर्ड 1513 साली इंग्लंडविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत मारले गेले. याच आडनावाच्या विल्यम या बिशपने 1495 मध्ये अॅबरडीन विद्यापीठ स्थापन केलं.

आता मुंबईचं. कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचं. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट (ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी) असलेला आणि 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर झालेला तो हाच. अकराव्या लॉर्डचा हा धाकटा मुलगा, त्यामुळे किताब त्याच्याकडे कधी आलाच नाही. त्याला ‘लॉर्ड’ म्हणणारे लेख मी बरेच पाहिलेत, ते चूक. स्टेशनचं नाव मात्र त्याच्या पुतण्याचं, तेरावे लॉर्ड जॉन यांचं, जे 1853 ते 1860 मुंबईचे गव्हर्नर होते. आजचं हॉर्निमन सर्कल पूर्वी एल्फिन्स्टन सर्कल होतं, तेही या पुतण्याच्याच नावाने. आणि 1842 मध्ये काबूलहून माघार घेताना अख्खं सैन्य गमावणारा जनरल एल्फिन्स्टन हा माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. त्याच्या नावाचं मुंबईत काही नाही. स्टेशनही 2018 पासून प्रभादेवी झालं आहे.