गैरसोप्पा नव्हे, गेरसप्पा. आणि त्यातला बिब्बा

प्रश्न असा आला आहे: समुद्रतळाशी सापडलेल्या 'गैरसोप्पा' या जुन्या मालवाहू आगबोटीचं नाव मराठीत कसं लिहावं, ते 'गैर' आणि 'सोपं' मिळून झालं आहे का, आणि तिच्यात टपाल होतं म्हणून तिला डाकबोट म्हणावं का?

'गैर'चा इथे काडीचाही संबंध नाही. इंग्रजी अक्षरं वाचून नावं लिहिण्याची ही खोड ऐकून ऐकून कान किटले आहेत. आपल्या आज्या-पणज्या ज्याला गिरसप्पाचा धबधबा म्हणत, तोच हा शब्द. गाव कर्नाटकात शरावती नदीच्या काठी, धबधब्याच्या (आजच्या जोगच्या) बरंच खाली, कानडीत गेरुसोप्पे. ही बोट ज्यांची, त्या ब्रिटिश इंडिया या आगबोट कंपनीच्या बोटींची नावं 'आ'कारान्त असत (मुंबईकरांना 'द्वारका' आठवत असेल), त्यात हे चपखल बसलं.

आता खरी गंमत. सोप्पु म्हणजे पाला. माटुंग्याच्या बाजारात कुणाही कानडी बाईंना विचारा. पण गेरू? काही जाणकार तांबडी माती सांगतात. मातीला पाला फुटतो का? दुसरे म्हणतात काजू. आज कानडीत गेरू म्हणजे काजू हे खरं, पण काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला आणि गाव त्याच्या आधीचं. मग त्याआधी गेरू काय होता? बिब्बा! याच गावाचं संस्कृत नाव भल्लातकीपुर, आणि भल्लातक म्हणजे बिब्बाच. काजू आला तो बिब्ब्याचा भाऊबंद. तशीच बी, तसंच कातडी भाजणारं तेल. म्हणून जुनं नाव नव्या झाडाला चिकटलं. अजून खात्री हवी असेल तर 'गोडंबी' घ्या. आपण लाडवात घालतो ती गोडंबी बिब्ब्याची, कानडी माणसाची गोडंबी म्हणजे काजूगर. एकाच झाडाची दोन नावं एकाच पाहुण्याने घेतली. इतका स्वच्छ पुरावा समोर असताना कोशकारांनी 'काजूचा पाला' लिहून मोकळं व्हावं, हे मला पटत नाही.

राहिली डाकबोट. तसं म्हणू नये. डाकबोटी वेगळ्या, ठरल्या वारी सुटणाऱ्या. ही 1919 साली बांधलेली मालवाहू बोट. डिसेंबर 1940 मध्ये कलकत्त्याहून निघाली तेव्हा पोटात चहा, बिडाचं लोखंड, चांदी आणि टपालाच्या थैल्या होत्या. आगबोट हा शब्द मात्र तिला नेमका लागू पडतो, कारण वादळात कोळसा कमी पडला म्हणून ती ताफ्यातून फुटून आयर्लंडकडे वळली आणि 17 फेब्रुवारी 1941 ला जर्मन पाणबुडीने तिला गाठलं. एकच अधिकारी वाचला. सुमारे 4,700 मीटर खोलीवरून चांदीबरोबर सातशेहून जास्त पत्रंही वर आली. बोटीच्या पोटात ना उजेड, ना पुरेसा प्राणवायू, म्हणून सत्तर वर्षांनंतरही त्यांतली शाई वाचता येते.

मराठीत 'गेरसप्पा' किंवा 'गिरसप्पा' लिहा.