व्हिडिओ गेममध्ये मारिओला आगीचे फूल मिळाल्यावरही शत्रूच्या एका धक्क्यात तो थेट लहान का होतो? माझ्या मित्राच्या गेममध्ये तर तो मोठाच राहतो. कॅसेट खराब आहे का?

कॅसेट खराब नाही. नाशिकच्या मेन रोडवरून घेतलेल्या तुमच्या कॅसेटमध्ये १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ असेल, तर त्यात नियमच तसा आहे. तिसऱ्या भागाच्या १९८८ च्या जपानी आवृत्तीतही तो कायम होता. १९९० च्या अमेरिकी आवृत्तीत मात्र धक्का लागल्यावर मारिओ फक्त आग गमावतो आणि मोठाच राहतो. तुमच्या मित्राकडे बहुधा हीच आवृत्ती असावी.

पहिल्या भागात पडद्यावर एका वेळी मारिओने फेकलेले दोनच आगगोळे राहू शकतात. त्यामुळे उसळत लांब गेलेला गोळा विझेपर्यंत बटण कितीही बडवले तरी उपयोग होत नाही, पण शत्रू किंवा पाइप अगदी जवळ असेल तर गोळे भराभर सुटतात. काळ्या कवचाच्या किड्यावर आग चालत नाही, त्याच्यावर उडीच मारावी लागते. किल्ल्यातला खलनायक बाउझर मात्र पाच गोळ्यांत कोसळतो, आणि पहिल्या सात किल्ल्यांत तर तो तोतयाच निघतो. माझ्या मते फुलाचा खरा उपयोग तिथेच आहे. म्हणून फूल मिळाले की उगाच धावू नये.